नोलला त्याचं तरसपण परत द्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या बहुतेक कॅम्पेनमध्ये (लांबलेल्या मोहिमांत) नोल, म्हणजे तरसाच्या तोंडाची काल्पनिक जमात, एकाच कामासाठी येतात. सुरुवातीच्या एखाद्या सेशनमध्ये जळालेलं गाव दाखवायचं असतं, आणि खेळाडूंना क्षणभरही विचार न करता शस्त्र उपसता येईल असा शत्रू हवा असतो. मग सात फुटी तरसतोंडे खिदळत येतात, मारतात आणि मरतात. त्यांना नाव नसतं, घर नसतं, उद्याची काळजी नसते.

मला हे फार खटकतं. ज्या प्राण्याचं तोंड या जमातीला लावलं आहे, त्याच्याइतकं गुंतागुंतीचं समाजजीवन मांसाहारी प्राण्यांत फार थोड्यांचं असतं. तोंड उचललं आणि प्राणी मागेच राहिला.

हे कसं झालं ते खेळाच्या इतिहासात दिसतं. १९७४च्या मूळ पुस्तिकांमध्ये नोलचा तरसाशी काहीच संबंध नव्हता. लॉर्ड डनसेनीच्या एका कथेतून नाव घेतलं होतं आणि वर्णन होतं ग्नोम (बुटके) आणि ट्रोल (राकट दैत्य) यांच्या संकराचं. तरसाचं डोकं आलं ते १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअल या खेळातल्या राक्षसांच्या कोशात. येनोगू हा नोलांचा राक्षसराजाही त्याच पुस्तकात आला. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने पुढचं पाऊल टाकलं. येनोगूने मारलेल्यांच्या मढ्यांवर ताव मारलेल्या तरसांचेच नोल झाले, अशी जन्मकथा दिली. २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तर नोल सरळ ‘फीन्ड’ (सैतानी जीव) या प्रकारात गेले, म्हणजे माणसासारख्या जमातींतून त्यांचं नावच कमी झालं.

उलट दिशेनेही कामं झाली आहेत. याच खेळातल्या एबेरॉन या जगात ज्निर करार नावाच्या संघटनेतले नोल राक्षसांची पूजा सोडून भाडोत्री शिकारी झाले. पाथफाइंडर या दुसऱ्या कथाखेळाने २०२१मध्ये म्वांगी या काल्पनिक प्रदेशाच्या पुस्तकात नोलांना खेळाडूंसाठी खुलं केलं आणि २०२४च्या सुधारित नियमांत त्यांना ‘खोलो’ हे नाव दिलं. ती मांडणी मला आवडते. पण ती वाचून घरच्या टेबलावर जे बदल केले जातात, ते बरेचदा घसरतात. नोल ‘चांगले’ होतात, म्हणजे केस असलेली माणसं होतात. भीती जाते आणि तिच्या जागी काहीच येत नाही. राक्षसाचा गुलाम नोल आणि केसाळ माणूस नोल, या दोन्ही आवृत्त्यांत तरसाकडे कुणी नीट पाहिलेलं नसतं. पाहिलं, तर नोल भीतिदायकही राहतो आणि त्याच्याशी बोलण्यासारखंही काही उरतं.

आधी कुठलं तरस ते ठरवा. आपल्याकडच्या माळरानांवर दिसतं ते पट्टेरी तरस. ते एकटंदुकटं फिरतं, फारसा आवाज करत नाही, आणि घाबरलं की पाठीवरची आयाळ उभी करून मोठं दिसायला बघतं. ते हसत नाही. कळपाने राहणारं, खिदळणारं, खेळाच्या चित्रांत दिसणारं तरस म्हणजे आफ्रिकेतलं ठिपकेदार तरस. नोलांचा समाज रचायचा असेल तर हेच घ्यावं लागतं. पट्टेरी तरसाकडे आपण नंतर येऊ, त्याच्यातूनही एक चांगली गोष्ट मिळते.

ठिपकेदार तरसांचं कुळ माद्यांचं असतं. मादी नरापेक्षा थोडी मोठी असते, पण सत्ता अंगबळावर ठरत नाही. मुलगी आईच्या लगेच खालची पायरी घेते, आणि ती पायरी तिला मिळते आई आणि आईच्या मैत्रिणी भांडणात तिच्या बाजूने उभ्या राहतात म्हणून. त्यातही धाकटी मुलगी थोरलीच्या वर जाते. म्हणजे राणीच्या थोरल्या मुलीला प्रत्येक नव्या बहिणीबरोबर एक पायरी खाली उतरावं लागतं. नर वयात आले की बहुतेक जण कूळ सोडतात, दुसऱ्या कुळात जातात आणि तिथे सगळ्यात खालून सुरुवात करतात. राणीचा मुलगाही परक्या कुळात गेला की तिथल्या पिल्लांच्याही खाली असतो. पुढे सरकायचं ते मुख्यतः आधी आलेले नर मेले किंवा निघून गेले तर. मारामारी करून रांग तोडता येत नाही.

हे वाचल्यावर येनोगू काढून टाकावासा वाटत नाही, उलट त्याला पहिल्यांदा कारण मिळतं. ज्या समाजात जागा जन्माने आणि रांगेने मिळते, तिथे ‘ज्याने मारलं, तो वर’ असं सांगणारा देव कुणाला हवा असेल? खाली ढकलल्या गेलेल्या थोरल्या बहिणींना, हलक्या घराण्यातल्या मुलींना आणि वर्षानुवर्षं रांगेत थांबलेल्या नरांना. येनोगूचा पंथ हा कुळाच्या आत पेटलेला बंडाचा वणवा झाला, की नोलांची प्रत्येक टोळी वेगळी ओळखावी लागते. गाव जाळणारे कोण आणि त्यांना शोधत मागून आलेले कोण, हा प्रश्न खेळाडूंसमोर खरोखर उभा राहतो.

नियमांत हे बसवायला फार खटपट नाही. २०१४च्या स्टॅट ब्लॉकमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) साध्या नोलचा आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड ते) १५, हिट पॉइंट्स (जीव) २२ आणि चॅलेंज रेटिंग (शत्रू किती कठीण त्याचा आकडा) १/२ आहे. त्याची ओळख म्हणजे ‘रॅम्पेज’. आपल्या पाळीत जवळच्या वाराने एखाद्याला शून्यावर आणलं, की बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा कृतीत) निम्मा वेग पुढे जायचं आणि एक चावा घ्यायचा. गंमत अशी की त्याच पुस्तकात साध्या तरसाला ‘पॅक टॅक्टिक्स’ आहे, म्हणजे सोबती शत्रूच्या पाच फुटांत असला तर वाराला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा). नोलला मात्र ते नाही! तरसाकडून चेहरा घेतला आणि एकजूट तरसाकडेच सोडली. तेव्हा कुळातल्या साध्या नोलचं रॅम्पेज काढा आणि पॅक टॅक्टिक्स द्या. डंजन मास्टर्स गाइड या खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकातल्या हिशोबात पॅक टॅक्टिक्स म्हणजे अटॅक बोनस एकने जास्त धरायचा आणि रॅम्पेज म्हणजे फेरीमागचं नुकसान दोनने जास्त धरायचं, त्यामुळे अदलाबदलीने चॅलेंज रेटिंग हलत नाही. इंटेलिजन्स ६ वरून १० करा, त्यानेही हलत नाही. रॅम्पेज फक्त येनोगूची शपथ घेतलेल्यांकडे ठेवा. दोन-तीन लढायांत खेळाडूंच्या आपोआप लक्षात येतं, की शेजारच्या सोबतीण नोलला सोडून मढ्यावरून पुढे झेपावणारी पंथातली आहे. हे तुम्ही सांगायचं नाही, फाशांनी सांगायचं.

कुळाची उतरंड कागदावर मांडून ठेवा. चाळीस जणांचं कूळ घेतलं तर तीन घराण्यांतल्या मिळून १४ प्रौढ माद्या, बाहेरून आलेले ९ नर आणि १७ पिल्लं-पोरं, एवढं पुरतं. प्रत्येक घराण्यातल्या दोघींनाच नावं द्या, सगळ्यांना देत बसू नका. राणी, राणीची धाकटी, पायरी गमावलेली थोरली आणि जुना झालेला एक नर एवढी चार पात्रं नीट आखली तर कूळ चालतं. खऱ्या तरसांत कुळाचा आकार मुलखावर ठरतो. वाळवंटात ते मूठभर असतं आणि टांझानियातल्या ङ्गोरोंगोरोसारख्या शिकारीने भरलेल्या जागी ऐंशीच्या घरात जातं. तुमच्या नकाशावर रुक्ष पठार असेल तर तिथे साठ नोल लिहू नका, त्यांना खायला काय मिळणार?

मुख्य म्हणजे हे सगळे एकत्र क्वचितच असतात. ठिपकेदार तरसं दिवसभर तुकड्यातुकड्यांत विखुरतात आणि शिकार, भांडण किंवा बिळाच्या रक्षणासाठी पुन्हा जमतात. जमवायला आवाज असतो. त्यांची लांब, चढत जाणारी ‘हूऽऽप’ अशी हाक सुमारे पाच किलोमीटरपर्यंत पोचते आणि प्रत्येकाची हाक वेगळी ओळखू येते. नोलांना हे दिलंत की लढाईचं रूप बदलतं, पण इथेच डीएमचा (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा) हमखास गोंधळ होतो. हाक दिली आणि तिसऱ्या फेरीत आठ नोल हजर! हिशोब करून पाहा. नोलचा वेग ३० फूट. डॅश, म्हणजे दुप्पट धाव, धरली तर सहा सेकंदांच्या फेरीत ६० फूट. दहा फेऱ्यांत तो फक्त ६०० फुटांवरून येऊ शकतो, म्हणजे जेमतेम १८० मीटर. पाच किलोमीटरवरची टोळी प्रवासाच्या वेगवान चालीने, तासाला चार मैल धरले, तर पाऊण तासाने पोचते.

हा पाऊण तास फार कामाचा आहे, कारण शॉर्ट रेस्ट, म्हणजे जखमा भरायची छोटी विश्रांती, एक तासाची असते. लढाई जिंकून खेळाडू जखमा बांधायला बसले की कुमक त्या विश्रांतीच्या मधोमध येते. हाक ऐकली होती, तिचा अर्थ कळला नव्हता. एकदा असं झालं की पुढच्या वेळी टेबलावरचा प्रत्येक जण हाक देणाऱ्या नोलला आधी गाठायला धावतो, किंवा विश्रांती न घेता निघतो. दोन्ही निर्णय चांगले आहेत, आणि दोन्ही त्यांचे स्वतःचे आहेत.

संख्येचंही भान ठेवा. २०१४च्या नियमांत तिसऱ्या लेव्हलच्या चार खेळाडूंसाठी ‘मध्यम’ लढाईची रेघ ६०० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना), ‘कठीण’ची ९००ला आणि ‘जीवघेणी’ची १६००ला येते. एक नोल १०० एक्सपीचा. तीन नोल म्हणजे ३००, शत्रूंच्या संख्येनुसारचा गुणक लावून गुणिले दोन, बरोब्बर मध्यम. सहा नोल १२००, कठीण. सातवा आला की गुणक अडीच होतो आणि आकडा १७५०वर जातो, थेट जीवघेणा. सहा आणि सात यांतलं हे अंतर कागदावर दिसत नाही. म्हणून एका वेळी रणांगणावर सहापेक्षा जास्त नकोत, उरलेले हाकेच्या अंतरावर ठेवा.

तरसं मोजतात. केनियात केलेल्या प्रयोगांत अनोळखी तरसांच्या ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, तेव्हा एकापेक्षा तिघांच्या हाका ऐकून ती जास्त सावध झाली आणि आपली बाजू मोठी असेल तरच पुढे सरकली. सिंहिणींच्या तोंडची शिकार बळकवायची तर, मोठा नर सिंह तिथे नसताना, एका सिंहिणीमागे साधारण चार तरसं लागतात. नोलांनाही हे गणित असू द्या. तीन नोल चार शस्त्रधाऱ्यांवर तुटून पडत नाहीत. ते तीनशे फुटांवर थांबतात, मागे मागे येतात, हाक देतात. मग एक जण धावून येतो, आणि हे धावणं हल्ल्यासाठी नसतं. ठिपकेदार तरस कळपात घुसतं आणि कोण लंगडतंय, कोण मागे पडतंय ते बघून बाजूला होतं. निवड झाली की पाठलाग सुरू, कित्येक किलोमीटर, शिकार दमेपर्यंत. तेव्हा पहिल्या फेरीत एका नोलने आत येऊन बाहेर जायचं. दुसऱ्या फेरीपासून सगळ्यांचं लक्ष्य एकच, सगळ्यात कमी आर्मर क्लासचा किंवा आधीच जखमी असलेला. निम्मे हिट पॉइंट्स गेले की त्या नोलने माघार घ्यायची. मरेपर्यंत लढतात ते फक्त बिळाशी, आणि पंथातले. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराचा एक फायरबॉल सरासरी २८चं नुकसान करतो, तो चुकवता आला नाही तर २२ हिट पॉइंट्सचा नोल त्यात जातो. एकदा तो फुटला की शहाण्या कुळाने त्या माणसांना सिंहांच्या रकान्यात टाकावं आणि महिनाभर वाट सोडावी.

हसण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळा राक्षसीपणा त्या हसण्यावर उभा आहे. ठिपकेदार तरसाचं खिदळणं हे मजेचं नसतं. ते ऐकू येतं शिकारीपाशी, बहुधा ज्याला हाकललं जातंय किंवा ज्याची पाळी येत नाहीये त्याच्याकडून. त्या आवाजाच्या पट्टीवरून वय कळतं आणि सुरांच्या चढउतारांतून पायरी, असं अभ्यासात दिसलं आहे. टेबलावर हे थेट वापरा. रात्री माळावरून हसू आलं तर पर्सेप्शनच्या (चाहूल घेण्याच्या) चाचणीत १२ला ‘तिथे शिकार पडली आहे’ एवढं कळावं, नेचर किंवा सर्व्हायव्हलच्या (रानाच्या जाणकारीच्या) चाचणीत १५ला ‘हसणारी एकच आहे, तरुण आहे आणि तिला जवळ येऊ देत नाहीयेत’ हे कळावं. एवढ्यावरून खेळाडू ठरवू शकतात, की कुळातली नाराज कोण आणि बोलणं कुणाशी करायचं. ज्या हसण्याने अंगावर काटा यायचा ते आता कुणाच्या तरी अपमानाचं असतं. आणि हसू अचानक थांबलं, तर त्यांना तुमचा वास लागला आहे.

भुकेचा हिशोब केला नाही तर गावाशी वैर खोटं वाटतं. ठिपकेदार तरस संधी मिळाली की एका बैठकीत पंधराएक किलो खातं आणि मग दोन-तीन दिवस ओढू शकतं. सात फुटी नोलला रोज पाच किलो मांस-हाड धरा. वयाने लहान-मोठे सगळे सरासरीत घेतले तर चाळिसांना दिवसाला २०० किलो, म्हणजे रोज एक धष्टपुष्ट गाय. हरणांचे कळप मुलखात असतील तोवर गावाला त्याची झळ नाही. कळप स्थलांतर करून गेले की दोन महिने ओढाताण असते, आणि ती प्रत्येक वर्षी त्याच वेळी असते. गावाला हे माहीत असायला हवं, कुळालाही. मग वर्षाला ठरावीक म्हातारी जनावरं देण्याचा करार होऊ शकतो. तो मोडू शकतो, त्यात खोट असू शकते.

असा करार कल्पनेतलाच असायला हवा असं नाही. इथिओपियातल्या हरार शहराच्या जुन्या तटबंदीला तरसांना आत-बाहेर करता यावं म्हणून भोकं ठेवलेली आहेत. रात्री तरसं गल्ल्यांतून फिरतात, टाकलेलं मांस आणि हाडं साफ करतात. त्यांना हाताने खाऊ घालणारी माणसं आहेत, आणि आशुरा या इस्लामी पवित्र दिवसाच्या सुमारास लोणी घातलेली लापशी त्यांच्यासाठी ठेवायची प्रथा आहे. नोलांच्या उंचीचं दार असलेलं शहर काढा. त्या दारावर रात्री कोण पहारा देतं आणि ते दार बंद करा म्हणणारे नगरसभेत किती आहेत, यावर तीन-चार सेशन सहज निघतात.

पण इथिओपियातच दुसरी बाजूही आहे आणि ती माहीत असल्याशिवाय या विषयाला हात घालू नये. तिथे ‘बुडा’ नावाची समजूत आहे. लोहार, कुंभार अशा कारागिरांना वाईट नजर असते आणि ते रात्री तरस होतात, असं मानलं जाई. बेटा इस्रायल या यहुदी समाजावर हा आरोप पिढ्यान्‌पिढ्या झाला. तरसमाणूस ही कल्पना खऱ्या माणसांना वाळीत टाकायला वापरली गेली आहे. म्हणून नोलांना आफ्रिकेतल्या खऱ्या लोकांचे दागिने, मुखवटे, भाषेचे तुकडे चिकटवू नका. ‘तरस आफ्रिकेतलं, मग समाजही तसाच’ हा विचार निरुपद्रवी वाटतो आणि नेमका तिथेच घात होतो. नोलांची संस्कृती त्यांच्या दातांतून, नाकातून, रांगेतून काढा. एकमेकांच्या अंगाचा वास घेऊन केलेलं अभिवादन, गवताच्या काड्यांवर लावलेल्या गंधाच्या सीमा, हाकेत गुंफलेलं स्वतःचं नाव, एवढं सामान प्राण्याकडेच आहे.

हाडांचंच घ्या. चित्रांतल्या नोलांच्या गळ्यात हाडांच्या माळा असतात. पण ठिपकेदार तरस हाड फोडून खातं आणि पचवतं. त्याची विष्ठा चुन्यासारखी पांढरी पडते ती त्यामुळेच. अशा जमातीत हाडांची माळ म्हणजे भाकऱ्या ओवून गळ्यात घालणं. मग एखादी नोल गळ्यात हाड घालत असेल, तर ते न खाल्लेलं हाड आहे. ती उपाशी असतानाही तिने ते खाल्लं नाही. कुणाचं आहे ते, आणि काय वचन दिलंय? इतकी साधी वस्तू, पण खेळाडू तिच्याबद्दल विचारल्याशिवाय राहत नाहीत.

आणि आता पट्टेरी तरस. ते हाडं खातंही आणि गुहेत नेऊन साठवतंही. सौदी अरेबियात उम्म जिरसान नावाची लाव्हाची नळी (बोगद्यासारखी गुहा) आहे, सुमारे दीड किलोमीटर लांब. तिच्यात पट्टेरी तरसांनी हजारो वर्षं ओढून आणलेल्या हाडांचे प्रचंड ढीग सापडले. त्यांत गुरं, उंट, घोडे, शेळ्या-मेंढ्या आहेत, माणसाच्या कवट्यांचे तुकडेही आहेत, आणि जुन्यात जुनं हाड सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचं आहे. तयार डंजन, म्हणजे साहसाचं भुयार, आहे ते! पट्टेरी नोल कळपाने नसावेत. एखादी म्हातारी आणि तिची एक-दोन मुलं, न बोलणारी, आयाळ उभारून वाट अडवणारी. त्यांच्या गुहेत त्या मुलखाचा सगळा इतिहास थरांनी पडलेला असतो. हरवलेल्या राजाची कवटी कुठल्या थरात आहे ते तिलाच ठाऊक. तिच्याशी लढलात तर ढीग तुमचा, पण त्यातला इतिहास वाचता येणार नाही.

खेळाडूला नोल व्हायचं असेल तर बाहेर पडलेला तरुण नर द्या. घर सोडण्याचं कारण त्याच्या जन्मातच आहे, त्यासाठी कुटुंबाची कत्तल लिहावी लागत नाही. खेळाडूंच्या नव्या टोळीत तो स्वतःला सगळ्यात शेवटचा समजतो, खाणं पुढ्यात आलं तरी इतरांचं होईपर्यंत हात लावत नाही, आणि टोळीतली सगळ्यात धाकटी मुलगी जे म्हणेल ते निमूट ऐकतो. हे नाटक दोन सेशन छान चालतं, मग खेळाडू कंटाळतो, म्हणून तिसऱ्या सेशनच्या आत टोळीतल्या कुणीतरी त्याला आधी वाढून द्यावं अशी जागा तयार ठेवा. खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत दोन गोष्टी विचारून घ्या. मढी खाण्याचं वर्णन टेबलावर किती चालेल, आणि बिळातली पिल्लं समोर आली तर चालेल का. दुसरीचं उत्तर नाही आलं तर बीळ नकाशावरच ठेवू नका. तरसाच्या माद्यांच्या शरीररचनेबद्दल कुणीतरी हमखास वाचून आलेलं असतं, ते टेबलावर आणायची काही गरज नाही. राणी मेली तर पुढे काय, हेही आधीच लिहून ठेवा, कारण खेळाडू तिला मारतातच. कूळ विस्कटत नाही. धाकटीच्या मागे कोण उभं राहतं ते ठरायला काही आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात येनोगूचे लोक थोरलीला भेटून गेलेले असतात.